पेपरचा समास

भाचीनं मला ब्लॉग उघडून दिला आणि वर सल्लाही दिला, "मावशी, खाली लोक काहीबी लिहितात. ती जागा बंदच ठेवू का?" मला हसू आलं. पोरी, तू जन्मायच्या आधीपासून मी लोकांची बोलणी खाल्लीत!

कापसाचे हाल चालले होते ती वर्षं. मी दिग्रसला एका कचेरीत कारकून होते आणि यवतमाळच्या एका दैनिकात दर सोमवारी सदर लिहायची. शनिवारी लेखाचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं, यवतमाळच्या स्टँडवर पेपरचा माणूस ते घेऊन जायचा. न आलेलं नळाचं पाणी, शेजारणीचं आगाऊ मांजर, जे मनात येईल ते लिहायचं. आजचे ब्लॉगवाले वेगळं काय करतात?

खाली लिहायची जागाही होती. मार्केट यार्डाला लागून वाचनालय होतं. 'पेपरवर लिहू नये' अशी पाटी होती आणि रजिस्टरला सुतळीनं बांधलेली पेन्सिलही होती. लोक पाटी वाचायचे आणि पेन्सिल उचलायचे. मंगळवारी कचेरीत जाण्याआधी मी माझ्या सदराशेजारचा समास वाचायला जायची. 'झकास', 'बाईले घरी काम नाई काय'. एकदा वांग्याच्या भाजीवर लिहिलं, तर कोणीतरी माझी फोडणीच दुरुस्त करून ठेवली. मला तो मान वाटायचा.

एकदा डबा खाताना सहकारी म्हणाला, वजन वाढावं म्हणून यार्डात कापूस विकायला रांगेत थांबलेले लोक कापसावर पाणी मारतात. यार्ड हाकेच्या अंतरावर होतं. मी डोकावलेही नाही. घरी बसून झणझणीत लेख हाणला आणि स्वतःवर खूश झाले.

मंगळवारी समासात ओळी होत्या, 'बाई, तुमी रांगेत आल्या होत्या काय? मी तीन दिवसापासून इथंच आहो. दवानं वरचा कापूस ओला झाला. ग्रेडर तुमचा पेपर दाखवून गाड्या वापस करून राह्यला.'

तशीच यार्डात गेले. एका बैलगाडीवर डोक्याला रुमाल बांधलेली बाई बसली होती. मी ओळख सांगितली, तशी 'मीच लिहिलं ते' म्हणत ती खाली उतरली.

"वरून काय पाह्यता? अंदर हात घाला."

मी कोपरापर्यंत हात घातला. आत कापूस खडखडीत कोरडा होता, उन्हाची ऊब अजून त्यात होती. मला रडायलाच आलं.

कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर टेबलापाशी होता. पुढ्यात माझाच लेख. मी म्हटलं, "हे मी लिहिलं. चूक लिहिलं."

"मॅडम, छापून आलं ते चूक कसं?"

पुढचं सदर सोमवारी. तोवर या बाईनं रांगेतच बसायचं? मी त्याच्याच पेनानं त्याच्याच पेपरच्या समासात लिहिलं, 'मी न पाहता लिहिलं. हे खोटं आहे,' आणि सही ठोकली. "आता आत हात घालून पाहा." तो कुरकुरत उठला, त्यानं हात घातला आणि गाडी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत वाचनालयात गेले. शाबासकीची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू? आदल्या ओळींखाली त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'माझी गाडी घेतली. सोमवारी दोन गाड्या वापस गेल्या, त्यायले कोन सांगन?'

पुढच्या सोमवारी मी सदरात माफी मागितली. ती त्या दोन गाड्यांपर्यंत पोचली की नाही, आजवर कळलेलं नाही.

भाचीला म्हटलं, "खालची जागा बंद नोको करू. त्या गाड्यायमधलं कोनी आलं, तर त्यायले लिहाले जागा पाह्यजे."