मोरीची भिंत

मिस्त्री घरात आला की माणसांना नंतर भेटायचा, आधी भिंतीला. चपला काढायच्या, उजवा पंजा भिंतीवर सपाट ठेवायचा, मान जराशी खाली घालायची आणि तसंच उभं राहायचं. घरातल्यांनी या बसा म्हटलं तरी ऐकू यायचं नाही. मग हात काढून म्हणायचा, "अकरा चालू, एक बंद." आमच्या नारपोलीत घराच्या पाठीला पाठ लावून लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड असते. लूम चालू असले की भिंत बारीक थरथरते. आम्हाला त्याची इतकी सवय की थरथर थांबली तरच जाणवते. मिस्त्री त्या थरथरीवरून लूम मोजायचा.

पहिल्यांदा भेटला तो असाच. मी तेव्हा शेडमध्ये जॉबर होतो, म्हणजे लूम बिघडला की तो सरळ करायचं काम माझं. मिस्त्री शेडची मागची भिंत बांधायला आला होता. बाहेर उभा राहून भिंतीला हात लावला आणि म्हणाला, आत अकरा चालू आहेत. मी म्हटलं, बारा. माझे लूम मी आवाजावरून ओळखतो, मला कोण शिकवणार. आत जाऊन बघितलं तर कोपऱ्यातला एक बंद पडलेला, कारागीर तंबाखू मळत बसलेला. त्या दिवशी मी मिस्त्रीला माझ्या पैशाने चहा पाजला. मी सहसा कुणाला मानत नाही. त्याला मानलं.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. हे लिहायला बसलो तेव्हा सूनबाई म्हणाली, बाबा, तुम्ही लिहा, मी नंतर नीट करून देते. मी नको म्हणालो. का नको, ते पुढे कळेल.

रिटायर झालो तेव्हा घराचा गिलावा जागोजाग फुगला होता. इतकी वर्षं लूमचे हादरे खाल्ल्यावर दुसरं काय होणार. मुलगा गोदामात ऑफिसला आहे, तो म्हणाला, ठेकेदार बोलावू, आठ दिवसांत मोकळे होऊ. मी म्हटलं, माझे हात अजून जाग्यावर आहेत. चाळीस वर्षं लोखंड वठणीवर आणलं, सिमेंट काय मोठं. मुलाने आईकडे बघितलं. त्यांचं असं एकमेकांकडे बघणं तेव्हापासून सुरू झालं असणार, माझं लक्ष नव्हतं.

मिस्त्री तोवर माझ्यासारखाच घरी बसलेला. राहायला निजामपुऱ्यात. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन महाडकडे गेलेली, गुडघे गेलेले. मी निरोप पाठवला की मला गिलावा शिकायचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर. हातात कागदात बांधलेली खारी, खांद्याला थैली, थैलीत थापी, रंधा आणि पितळेचा ओळंबा. तो ओळंबा त्याच्या वडलांचा होता. म्हणायचा, "दादा, डोळा माणसाचा असतो, त्याला लोभ असतो. ओळंब्याला कोणाशी नातं नाय." दोरी सोडायची, ओळंबा फिरायचा थांबेपर्यंत श्वास धरून उभं राहायचं आणि मगच भिंतीबद्दल बोलायचं, ही त्याची रीत.

शिकवताना कधी आवाज चढवला नाही. माल पातळ झाला की म्हणायचा, "आज आपण सरबत केलं." जाड झाला की, "आता याचे लाडू वळायला वहिनींना बोलवा." भिंतीवर माल मारायचा तो मनगटाने, खांद्याने नाही, हे त्याने मला पंधरा दिवस सांगितलं. माझा हात लूमवर घडलेला, त्यात झटका होता. शिवाय अलीकडे उजवा हात जरा थरथरतो. जरा म्हणजे कपबशी वाजते एवढा. मिस्त्रीने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटलं, त्याच्या लक्षात आलं नसेल. भिंतीवर हात ठेवून लूम मोजणारा माणूस, त्याच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटलं.

आमचा दिवस ठरलेला. सात ते बारा काम. बारा वाजता भिंत पुरी झाली की मी खाली, जमिनीच्या वर चार बोटं, ओल्या गिलाव्यात लाल दोऱ्याचे दोन तुकडे गाठ मारून दाबायचो, गाठ बाहेर राहील अशी. ही आमच्या धंद्यातली सवय. नवीन बीम, म्हणजे सुताचा रूळ, लावून सगळ्या तारा जोडून झाल्या की कापडाच्या कडेला आपल्या दोऱ्याची एक गाठ टाकायची, कोणी जोडलं ते कळावं म्हणून. आता गाठ म्हटली तर गाठ. पण लूमची गाठ वेगळी असते. चपटी, बारीक, बोट फिरवलं तर लागत नाही. कारण तिला फणीच्या दातांतून जायचं असतं. जाड गाठ फणीत अडकते आणि तार पुन्हा तुटते. मिस्त्री बघत उभा राहायचा. एकदा म्हणाला, भिंतीला कशाला ओ सही? मी म्हटलं, कागदावर मला सही धड येत नाही, इथे येते.

जेवून मिस्त्री आमच्याच ओट्यावर पंचा टाकून आडवा व्हायचा. मी दोन ते पाच नाक्यावर चहाच्या टपरीवर. शिफ्ट बदलते तेव्हा जुने लोक भेटतात. तिथे मी रोज भिंतीचं वर्णन करायचो. एकाने टोमणा मारला, जॉबर, तुझ्या भिंतीत पण धोटा फिरतो का. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना हाताला धरून घरी आणलं. चुलीमागची भिंत दाखवली. मिस्त्रीने त्यांच्यासमोर ओळंबा सोडला. दोरी आणि भिंत यांत वरपासून खालपर्यंत सारखं अंतर. मिस्त्री म्हणाला, "हे सगळं दादांच्या हातचं हाय. मी फक्त खारी खायला येतो." दोघांनी भिंतीवरून हात फिरवून बघितला. मी त्या दिवशी जेवताना दोन घास जास्तच घेतले.

चार भिंती अशा झाल्या. पाचवी मोरीची. ती केली त्या दिवशी मिस्त्रीच्या नात्यातलं कोणीतरी टेमघरला वारलं, त्याला दुपारी मयताला जावं लागलं. मी गाठ दाबली, टपरीवर गेलो. भिंत वाळल्यावर तिच्यात लाटा दिसायला लागल्या. मध्ये पोट, वर खोलगट. मी विचारलं, मिस्त्री, ही अशी का झाली? त्याने ओळंबा थैलीतून काढला नाही. पंजा भिंतीवर ठेवला आणि म्हणाला, "मोरीला असंच लागतं, दादा. पाणी उतरायला." मला पटलं. मी टपरीवरही तसंच सांगितलं. एकाने घरी जाऊन आपली मोरी बघून येतो म्हटलं.

काम संपलं तरी मिस्त्री सकाळी सातला यायचाच. कधी नळाचा वॉशर बदल, कधी कडीला तेल घाल. काहीच नसलं तर आम्ही ओट्यावर बसायचो आणि तो भिंतीला हात लावून आज किती चालू ते सांगायचा. शेडी बंद पडायला लागल्या होत्या, आकडा उतरत चाललेला. असं वर्ष गेलं.

मग मुलाने नवीन कपाट आणलं. ते बसवायला चुलीमागच्या भिंतीपाशी ठेवलेला पत्र्याचा पेटारा मी सरकवला. खाली केर होता, तो काढायला बसलो तर माझा लाल दोरा दिसला. सहज बोट फिरवलं. नख अडकलं.

चाळीस वर्षांत मी किती गाठी मारल्या त्याला गणती नाही. अंधारातही नख अडकणार नाही. ही गाठ गवंड्याची होती. भिंत बांधताना विटांच्या ओळीसाठी दोरी ताणतात, तिला मारतात तसली. दोरा माझ्याच कांडीचा, म्हणजे रिळाचा, लाल. गाठ माझी नाही. मी गुडघ्यावर बसून घरभर फिरलो. पलंगाखाली, दाराच्या मागे, देव्हाऱ्याखाली. चारही ठिकाणी नख अडकलं. मोरीत गेलो. तिथली गाठ चपटी, गुळगुळीत. माझी.

हिला हाक मारली. गुडघ्यावर बसलेला मला बघून ती समजली. म्हणाली, "मीच सांगितलं व्हतं मिस्त्रीदादांना. माल सुटत व्हता, त्यांनी बोट लावून दाखवला. मी तिथं दिवसभर चुलीजवळ बसते. पोपडा डोक्यात पडला असता तर तुमचा मान घेऊन काय करू मी?" मुलाला माहीत होतं. मी टपरीवर गेलो की मिस्त्री पंचा बाजूला ठेवून उठायचा, ओला गिलावा खरवडायचा आणि माझ्या परतायच्या आत सगळी भिंत पुन्हा मारायचा. तसल्या गुडघ्यांनी. माझी गाठ चिखलात जायची, म्हणून तो कांडीचा दोरा घेऊन आपली मारायचा. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी तेवढा त्या दोन माणसांना हाताला धरून घेऊन आलो होतो.

सकाळी सातला मिस्त्री आला. भिंतीला हात लावायच्या आधी मी त्याच्यासमोर दोरा धरला आणि म्हटलं, लूमची गाठ मारून दाखवा. त्याने दोरा घेतला नाही. खारीचा कागद ओट्यावर ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या भिंतीपासून."

"मला सांगायचं होतं."

"सांगणार होतो. पहिल्या दिवशीच." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "पण सांगितलं असतं तर तुम्ही थापी ठेवली असती, दादा. मग सकाळी मी उठून जायचं कुठं?"

मला जास्तच राग आला. भांडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. मी म्हटलं, तुमच्या ओळंब्याला कोणाशी नातं नाही म्हणायचात ना. तो माझ्या माणसांसमोर सोडलात आणि काम माझं म्हणालात. तो म्हणाला, ओळंब्याने भिंत सरळ सांगितली, ती सरळच होती. खोटं बोललो तो मी, त्याला मध्ये आणू नका. एवढं बोलून चपला घातल्या. हिने आतून चहा आणला तेव्हा तो गल्लीच्या टोकाला पोचला होता. खारी त्या दिवशी कुणी खाल्ली नाही.

नंतर तो आला नाही. मीही बोलावलं नाही. दोघांच्यात कोण जास्त हट्टी, हे ठरवायला आम्हाला बराच काळ मिळाला. हिने दोनदा विषय काढला, मी ताटावरून उठलो. मग कळलं की मुलगी त्याला महाडला कायमचं घेऊन चालली आहे.

जायच्या आदल्या दिवशी तो आला. आत आला नाही. मी खिडकीजवळ खाटेवर होतो, गल्लीतून त्याची पावलं ओळखली. त्याने बाहेरून भिंतीवर हात ठेवलेला मला खिडकीच्या फटीतून दिसला, फक्त मनगटापर्यंत. हाताची कातडी सिमेंटने खाल्लेली, ती काय लपते. बराच वेळ तसाच होता. मग जरा मोठ्याने म्हणाला, "आठ चालू आहेत, दादा."

आठ नव्हते, नऊ होते. मला कानाला स्पष्ट ऐकू येत होते. इतक्या वर्षांत त्याचा आकडा चुकला नव्हता. तो खरंच चुकला, की मी वाद घालायला बाहेर यावं म्हणून चुकला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी नऊ म्हणालो नाही. थोड्या वेळाने हात भिंतीवरून निघाला.

महाडहून त्याच्या मुलीचा फोन गेल्या पावसाळ्यात आला. हिने घेतला आणि तिथेच खाली बसली. मला सांगायची गरज पडली नाही.

त्या चार गाठी कापून तिथे माझ्या माराव्यात, असं एकदा मनात आलं. कात्री घेऊन बसलोही. मग ठेवली. भिंती त्याच्या आहेत, तशाच उभ्या आहेत, एक पोपडा सुटलेला नाही. त्याने मला फसवलं ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. माझ्या हाताला काय येतं आणि काय येत नाही, हे माझ्याच घरात मला शेवटी कळावं, हे मी त्याला माफ केलेलं नाही. तो समोर असता तर पुन्हा हेच बोललो असतो. निदान पहिल्या घोटभर चहापर्यंत तरी.

मुलगा म्हणतो, बाबा, मोरीची भिंत तेवढी नीट करून घेऊ, पाहुणे हसतात. मी हात लावू देत नाही. परवा नव्या शेजाऱ्याने हात धुताना विचारलंच, काका, ही भिंत अशी लाटालाटांची का हो? मी पंजा भिंतीवर सपाट ठेवला. मागे पाच चालू होते.

म्हटलं, मोरीला असंच लागतं. पाणी उतरायला.