व्यंकट पहिलवानाचा हात

व्यंकट पहिलवान, म्हणजे आमचे अप्पा, कुणाच्या हातात हात देत नसत. समोरचा आमदार असो की नवा जावई, पुढं आलेल्या हाताकडं ते उष्टी पत्रावळ पुढं केल्यासारखं बघायचे. मग जवळ जे असेल ते त्या हातावर ठेवून मोकळे व्हायचे, कधी सुपारी, कधी भुईमुगाच्या शेंगा. थोरल्या लेकीच्या लग्नात लातूरचे एक बडे साहेब हात पुढं करून उभे राहिले, तर अप्पांनी त्यांच्या तळहातावर शांतपणे अक्षता ओतल्या आणि म्हणाले, "सांडतेत. मूठ झाका." साहेब सगळी मंगलाष्टकं मूठ झाकून उभे होते. अक्षता टाकायच्या असतात हेही बिचारे विसरले.

शांतावैनी, म्हणजे अप्पांची बायको, या सवयीवर फार चिडायच्या. "सोन्याचा हाय का हात? दिला तर झिजतोय?"

"झिजत न्हाई," अप्पा म्हणायचे. "फसतोय."

हे अप्पा जन्मापासून असे नव्हते. एके काळी हाच हात लातुरापासून नांदेडापर्यंतच्या प्रत्येक जत्रेत वर व्हायचा आणि खाली माणसं मुंग्यांसारखी उसळायची. आमचं गाव औशापासून सायकलीच्या अंतरावर. अप्पा गावचे पहिलवान आणि मी गावचा भोंगा. कुस्त्यांच्या फडात माईकवरून पहिलवानांची ओळख करून द्यायची, डाव सांगायचे, निकाल पुकारायचा, हे माझं काम. लोकांनी माझं खरं नाव कधीच मोडीत काढलं. आणि ओळख करून देताना खरंच बोललं पाहिजे असा कायदा निदान औसा तालुक्यात तरी नाही.

मी माईकवरून सांगायचो की अप्पा दुधाला बसले की दारातली म्हैस दावं तोडून पळते, कारण तिला पुढचं दिसतं. औशाच्या स्टँडावर अप्पा एसटीत चढले की ड्रायव्हर बाकीची माणसं दुसऱ्या बाजूला बसवतो, नाहीतर गाडी सोलापूरला न जाता आडवी होऊन शेतात जाते. एकदा किल्ल्याच्या तटाला अप्पा पाठ टेकून बसले होते, ते उठल्यापासून तट थोडा आत गेलाय, कुणीही जाऊन बघावं. लोक खरंच जाऊन बघून यायचे आणि म्हणायचे, हाव, गेलाय थोडा. अप्पा फडात उभे राहून हे सगळं ऐकायचे, मांडीवर माती चोळायचे आणि खाली बघून हसायचे. नंतर मला म्हणायचे, "भोंग्या, माती खोटं बोलत न्हाई. तिच्या काठाला उभारून तू एवढं कसं बोलतोस रं?"

पण काही गोष्टी मला वाढवून सांगाव्याच लागल्या नाहीत. त्यांची मान, उदाहरणार्थ. ती मुळात नव्हतीच. खांदे संपले की थेट कान. आणि पंजा असा की नारळ धरला तर शेंडी तेवढी दिसायची.

जत्रेतली शेवटची कुस्ती मानाची. तिच्यासाठी जोड हवी, आणि अप्पांची जोड ठरलेली होती, उमरीकडचा शेषेराव. अप्पा लातूरचे, तो नांदेडचा. ही कुस्ती लागली की दोन जिल्ह्यांची सोयरीक मोडायची वेळ यायची. एका गावात तर लातूरकडच्या सुनांनी नांदेडकडच्या सासवांना दिवसभर पाणी दिलं नाही. शेषेराव उंच, गोरा, केसांना तेल लावून फडात उतरणारा. अप्पा काळे, बुटके, उतरायच्या आधी मातीला हात लावून तो कपाळाला लावणारे. दोघं तास-तास झोंबायचे. हलगीवाल्याचे हात सुजायचे. अंधार पडायला लागला की पंच मध्ये पडायचे आणि कुस्ती बरोबरीत सुटायची. लोक चरफडत घरी जायचे, पुढच्या वर्षी निकाल बघायला पुन्हा यायचे.

आणि निकाल कधीच लागणार नव्हता. ठरवून बरोबरीत सोडवायच्या कुस्तीला आमच्याकडं नुरा म्हणतात. अप्पांच्या वस्तादांनी त्यांना लहानपणीच सांगितलं होतं की पडलेल्या पहिलवानाला पुढच्या साली बोलावणं येत नाही, आणि पाडणाऱ्याशी लढायला कुणी तयार होत नाही. जोड उभी राहिली तर दोघं जगतात. त्यामुळं हे दोन जानी दुश्मन, एक लातूरकडून आणि एक नांदेडकडून, वेगवेगळ्या एसटीनं यायचे. जत्रेच्या आधीच्या फाट्यावर उतरायचे, कुणाच्या तरी तुरीच्या आड बसायचे आणि एका धडप्यात बांधलेली भाकरी दोघं खायचे. शेंगाची चटणी शांतावैनींची असायची. शेषेराव ती मागून घ्यायचा.

हे बाहेरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं. वैनींनासुद्धा नाही, त्यांना वाटायचं अप्पांना चटणी जास्त लागते. मलाही बराच काळ ठाऊक नव्हतं. मी तिकडं माईकवर घसा फोडून सांगत होतो की या दोघांच्या आज्यापंज्यांपासून वैर आहे. म्हणजे तालुक्यातला सगळ्यात मोठा थापाड्या मी, आणि सगळ्यात मोठी थाप माझ्या समोर मातीत चालली होती. याचा राग मला अजून येतो.

ती जोड मोडली शेषेरावच्याच गावच्या जत्रेत. अप्पांचा गुडघा तेव्हा बोलायला लागला होता. ही शेवटची, असं दोघांनी ठरवलं होतं. बरोबरीत सुटायचं, दोघांनी एकमेकांचा फेटा बांधायचा आणि फडाला पाठ करायची. पण शेषेरावला निवडणुकीला उभं राहायचं होतं. कुणा पुढाऱ्यानं त्याच्या कानात सांगितलं होतं की बरोबरीच्या पहिलवानाला लोक टाळ्या देतात, मतं देत नाहीत. हे अप्पांना ठाऊक नव्हतं.

अर्धा तास ठरल्यासारखा गेला. मग शेषेरावनं अप्पांची मान बगलेत धरली. अप्पांचा हात त्याच्या कंबरेला पक्का होता. तो हात सुटत नव्हता तोवर शेषेराव काही करू शकत नव्हता. मी माईकवरून म्हणालो सुद्धा की हा हात आहे की बैलगाडीची साखळी. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती साखळी आपोआप ढिली झाली. त्याच क्षणाला शेषेरावनं ढाकेचा डाव मारला. अप्पा उलटे होऊन पाठीवर पडले. दोन्ही खांदे मातीला. चीत.

अख्खं उमरी फडात घुसलं. शेषेरावनं अप्पांना उठवायला हात पुढं केला, तशी रीत आहे, जिंकणारानं हरलेल्याला हात द्यायचा. अप्पा त्या हाताकडं बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून एकटेच उठले. पंच माझ्याकडं बघून ओरडत होते. मी निकाल पुकारला. माझा आवाज माझाच होता की नाही कुणास ठाऊक.

चार दिवसांनी अप्पा तालमीतली माती खणत होते. ताक आणि हळद घालून माती मऊ करायची असते. पण त्या दिवशी ते विहीर खणल्यासारखे खणत होते. मी विचारलं, अप्पा, हात ढिला कामून सोडला? तेव्हा त्यांनी खोरं टाकलं, माझं मनगट धरलं आणि आतल्या बाजूला, नाडीवर, अंगठ्यानं दोनदा दाबलं.

"ही आमची खूण," ते म्हणाले. "दोनदा दाबलं की समोरच्यानं ढिलं सोडायचं. दम अडकला, पाय मुरगळला, कायबी असू दे, इचारायचं न्हाई. सोडायचं. एवढी वर्सं मी त्या अंगठ्याच्या भरोशावर माजी मान त्याच्या बगलेत देत हुतो. घरात झोपताना बी एवढा निवांत नसायचो. आन त्यानं दाबलं, मी सोडलं."

मी उसळलो. म्हणालो, अप्पा, माईक माझ्याकडं आहे, पुढच्या जत्रेत सगळं सांगतो, त्याची इज्जत मातीत घालतो.

"काय सांगशील?" अप्पा म्हणाले. "त्यानं दगा दिला मनून सांगायचं तर आधी आमी ठरवून खेळायचो ते सांगावं लागतंय. आता मी एक कुस्ती हरलोय. तू त्वांड उघडलंस तर समद्या हरलो." मग खोरं उचलून म्हणाले, "मी मेल्यावर सांग. तवा बी तुजं कोण खरं धरत न्हाई. मनून तर तुला सांगितलं."

म्हणजे विश्वास माझ्यावर नव्हता, माझ्या थापांवर होता. मला त्यातही मान वाटला, काय करता.

शेषेराव निवडून आला. त्याच्या बोर्डावर फोटो होता त्या ढाकेचा. वर उमेदवार, खाली आमचे अप्पा, उलटे, तोंड उघडं. नांदेडात तर लागलाच, पण पुढं पक्षाचं काम वाढलं तसा औशाच्या स्टँडासमोरही लागला. वाढदिवस, दिवाळी, नवरात्र, काही आलं की अप्पा उलटे. एका पोरानं म्हणे अप्पांना बाजारात बघून मान वाकडी केली आणि मगच ओळखलं. ही माझी थाप आहे असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. अप्पा त्याच बोर्डाखालच्या हॉटेलात रोज चहा प्यायचे. एकदा वर बघून मला म्हणाले, "ह्येच्या नशिबानं माजं बी नाव झालं बग. लोक मनतेत, शेषेरावभाऊनं पाडला त्यो ह्योच." आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला. त्या आवाजाला मी आजवर हसू शकलो नाही.

तालमीत पोरं येईनाशी झाली. पडलेल्याकडून काय शिकायचं? वस्तादांचं म्हणणं खरं झालं, फक्त अर्धंच. बोलावणं आलं नाही ते अप्पांना. पाडणाऱ्याला मात्र प्रत्येक जत्रेत पहिली खुर्ची. एकदा एका गावानं दोघांचा एकत्र सत्कार ठेवला. शेषेरावनं स्टेजवर हात पुढं केला. अप्पांनी त्यावर सत्काराचा नारळ ठेवला आणि खाली उतरले. लोक हसले, म्हणाले, म्हाताऱ्याला पडल्याचा राग अजून जात न्हाई. अप्पांनी तेही ऐकून घेतलं. फडात उतरलेल्या माणसानं शिव्यांना उत्तर द्यायचं नसतं, असं ते पोरांना शिकवायचे. पोरं गेली, शिकवण तेवढी उरली.

मागच्या वर्षी अप्पांना झटका आला. डावं अंग गेलं, वाचाही गेली. लातूरला दवाखान्यात ठेवलं होतं. ही बातमी शेषेरावला लागली आणि तो तीन गाड्या, दोन कॅमेरे आणि फळांची टोपली घेऊन आला. शांतावैनी पदर सावरून उभ्या राहिल्या. मी खाटेच्या उशाशी होतो.

"व्यंकटराव," शेषेराव गहिवरून म्हणाला, "ओळखलं का? मी तुमचा दोस्त." आणि कॅमेऱ्याकडं जरा वळून त्यानं हात पुढं केला.

अप्पांनी उजवा हात उचलला आणि त्याच्या हातात दिला.

वैनींच्या डोळ्यांना धार लागली. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. कॅमेरे चमकले. कुणीतरी म्हणालं, बघा, याला मैत्री म्हणतात. मी मात्र हातांकडं बघत होतो. आयुष्यभर मी दुसरं केलं काय? शेषेरावची बोटं लाल झाली, मग पांढरी. तो हसतच होता, पण कपाळावर घाम आला. त्यानं हात थोडा ओढून पाहिला. सुटेना. तेव्हा त्याचा अंगठा हळूच अप्पांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला सरकला आणि नाडीवर दोनदा दाबला गेला.

अप्पा त्याच्या तोंडाकडं बघत होते. हात तसाच.

शेषेरावनं पुन्हा दोनदा दाबलं. मग पुन्हा. शेवटी नर्सबाईंनी येऊन अप्पांची बोटं एकेक करून सोडवली. शेषेराव हात पाठीमागं नेऊन म्हणाला, "पकड अजून तशीच हाय पहिलवानाची." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी डोळे मिटले. त्याच आठवड्यात ते गेले.

श्रद्धांजलीचा बोर्ड शेषेरावनंच लावला, औशाच्या स्टँडासमोर, जुन्या जागी. दोन मित्रांची अखेरची भेट. या वेळी अप्पा सुलटे आहेत. मी रोज त्या हॉटेलात बसतो आणि जो येईल त्याला सांगतो की चेहरे बघू नका, तो अंगठा बघा, नखाचा रंग बघा, तो माणूस सोड म्हणून विनवतोय. नुरा, तूर, चटणी, सगळं सांगतो. अप्पांनी परवानगी दिलीच होती. लोक कौतुकानं ऐकतात, माझ्या चहाचेही पैसे देतात. काल एकजण उठताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भोंग्या, म्हैस पळायची ती गोष्ट जास्त खरी वाटायची बघ."