मुलाखत अक्कांची होती

“यातलं पिवळं कोण?” मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवत विचारलं.

मी पाहिलं. मुलाखतीचं पान, मॅडमनी एकीचं बोलणं हायलाइटरने रंगवलेलं, जवळजवळ सगळं पिवळं होतं. मधूनमधून दोन-तीन ओळी पांढऱ्या.

“मी,” मी म्हटलं.

“आणि मुलाखत कुणाची?”

“अक्कांची.”

“मग कन्सेंट फॉर्मवर सही तूच करायचीस की गं!”

मॅडम माझ्या गाइड, म्हणजे ज्यांच्या हाताखाली माझी पीएचडी चालली होती त्या. मूळच्या बेळगावच्या, त्यामुळे मराठीतून रागवायची सोय होती. कन्सेंट फॉर्म म्हणजे ‘माझं बोलणं अभ्यासासाठी वापरायला हरकत नाही’ असं समोरच्याने लिहून द्यायचं. मी मूळची नागपूरची. बेंगळुरूत अकरा वर्षं आयटी कंपनीत एचआर केलं आणि अडतिसाव्या वर्षी नोकरी सोडून मानसशास्त्रात पीएचडीला बसले. विषय होता, जोडीदार गेल्यावर एकटी राहणारी माणसं दिवस कसा काढतात.

पद्धत साधी. आठ माणसं, प्रत्येकाच्या तीन बैठका, चार-चार महिन्यांनी. बोलणं रेकॉर्ड करायचं आणि शब्द न् शब्द टाइप करायचं. त्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. पहिला नियम असा की विचारणाऱ्याने विचारावं आणि गप्प बसावं. शांतता पसरली तरी ती भरायला जाऊ नये. हा नियम ज्युनिअर मुलांना मीच शिकवला होता, बोला!

आठांपैकी दोघं आधीच सोडून गेले होते. कमिटीने किमान सहा माणसं हवीत असं लिहून दिलं होतं. अक्का सहाव्या. त्या गळल्या असत्या तर सगळं काम पाण्यात.

“तिसरी बैठक कधी?” मॅडमनी विचारलं.

“शनिवारी.”

“तोंडाला कुलूप लावून जा. तीही अशी पिवळी आली तर अक्का बाद.”

के. आर. पुरमच्या पीजीवर येऊन मी ते पिवळं सगळं वाचून काढलं. रूममेट हैदराबादला गेली. भाऊ फोन उचलत नाही. कंपनीतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आता फक्त वाढदिवसाचे केक येतात. कधीकधी आठवडाभरात मी फक्त भाजीवालीशी आणि रिक्षावाल्याशी बोलते, तेही तोडक्या कन्नडमधून, ‘सरी’ म्हणजे बरं आणि ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, एवढंच. बाप्पा! सत्तरीच्या, नवरा जाऊन दोन वर्षं झालेल्या बाईला मी हे सगळं ऐकवलं होतं. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचा एकटेपणा टाइप करायचा हे माझं काम. मला स्वतःला भयंकर एकटं वाटत होतं, आणि ते मला त्या दिवशी स्वतःच्याच ट्रान्सक्रिप्टमधून कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी जयनगरला गेले. अक्कांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड येऊन-जाऊन असतं.

“बस. स्वल्प कॉफी घे आधी. भावाचा फोन आला का?”

उत्तर ओठांवर होतं. आला होता, आणि कडाक्याचं भांडण झालं होतं. मी ते गिळलं.

“अक्का, आज तुम्ही बोलायचं. मी फक्त ऐकणार.”

“का? माझं काय चुकलं?”

“तुमचं नाही. माझं चुकलं.”

“सरी,” म्हणाल्या आणि गप्प झाल्या. त्यांना लागलं होतं, दिसत होतं. रेकॉर्डर चालू, वर पंखा फिरतोय. मी कप घट्ट धरून बसले. पुढे टाइप करताना पाहिलं तर ती शांतता चार मिनिटांची होती. माझ्यासारख्या बडबडीला चार मिनिटं म्हणजे शिक्षाच.

मग त्या खाली बघत म्हणाल्या, “मुलगा रोज फोन करतो म्हटलं होतं ना मी तुला? रोज नाही करत. रविवारी करतो, तेही घाईघाईत. भजनाला जाते म्हटलं, तिथेही हे गेल्यापासून पाऊल ठेवलं नाही.”

अक्का म्हणजे माझ्या अभ्यासातली सगळ्यात सावरलेली बाई. एक अख्खं प्रकरण मी त्यांच्या जिवावर लिहून ठेवलं होतं.

“मग आधी तसं का सांगितलंत?” हा प्रश्न नियमात बसत होता.

“तू पहिल्यांदा आलीस तीच एवढंसं तोंड करून. मग तुझं सांगायला लागलीस. म्हटलं, ही पोर एकटी, आपणही रडत बसलो तर ही घाबरेल. एकटं राहून छान चालतं, असं सांगावं हिला. तुझ्यासाठी बोलले गं ते.”

त्यानंतर अक्का दीड तास बोलल्या. नवऱ्याला डोळ्यांनी कमी दिसायचं म्हणून त्या रोज सकाळी कन्नड पेपर मोठ्याने वाचून दाखवायच्या. आता मनात वाचतात आणि दुसऱ्या ओळीच्या पुढे जात नाहीत. मी एक अक्षर बोलले नाही. रेकॉर्डर बंद केल्यावर नियमाप्रमाणे समुपदेशकाचा नंबर दिला आणि त्यांचा हात धरला. दोघीही रडलो.

सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं.

“म्हणजे पहिल्या दोन्ही बैठका खोट्या?”

“हो.”

“कुणामुळे?”

“माझ्यामुळे.”

“मग तेच लिही. तिन्ही बैठका शेजारी ठेव आणि फरक कशाने पडला ते सांग. अक्का राहतील.”

प्रबंधात शेवटी एक भाग असतो, लिमिटेशन्स. आपल्याच कामातली भोकं आपणच दाखवायची. तिथे मी लिहिलं, ‘मुलाखत घेणारी स्वतः एकटी होती. तिला धीर देण्यासाठी सहभागी व्यक्तीने उत्तरं बदलली.’ या दोन वाक्यांना आठवडा लागला.

डिग्री मिळाली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, “त्या बाई आता कशा आहेत?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. अभ्यास संपला की संपर्क थांबवायचा असा नियम आहे, असंही सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. जयनगरला कितीदा गेले, त्यांच्या गल्लीत वळले नाही.

आता मीच शिकवते. मुलांना सांगते, उपाशी पोटी बाजारात गेलं की नको ते उचललं जातं. मुलाखतीला जाण्याआधी कुणाशी तरी पोटभर बोलून जा. दरवर्षी वर्गातलं एखादं तरी विचारतं, “कुणाशी, मॅडम?”

जे विचारतं, त्याचं ट्रान्सक्रिप्ट मी सगळ्यात आधी मागवते आणि त्यातलं पिवळं मोजते.