टेपबाई

टेपबाई मापाचं पोलकं घेत नसत. मुलुंडच्या बाजारातले बाकीचे शिंपी गिऱ्हाइकाकडून एक जुनं, अंगाला नीट बसणारं पोलकं मागून घेत आणि त्यावरून नवं बेतत. बायकांनाही तेच सोयीचं वाटे. टेपबाईंच्या दुकानात असं पोलकं पुढे केलं, की त्या ते चिमटीत धरत आणि विचारत, "हे कधी शिवलं होतं?" बाई म्हणे, दोन वर्षं झाली. "मग दोन वर्षांपूर्वीच्या बाईला पाठवा. तिचं शिवून देते." एवढं ऐकूनही जी परत जात नसे, तिला हात वर करून उभं राहावं लागे. बाई गळ्यातली टेप काढून नव्यानं माप घेत, आणि प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत. बाकावर बसलेल्या बायका तो ऐकत आणि एकमेकींकडे बघत. कितीतरी जणी त्या शरमेनं पुन्हा आल्या नाहीत. टेपबाईंना त्याचं काही नव्हतं. मापांची वही त्यांच्याकडे नव्हतीच.

व्यक्तिचित्र लिहायचं तर आवडत्या माणसाचं लिहावं, असं आम्हाला वर्गात सांगितलं आहे. टेपबाई माझ्या आवडत्या नव्हत्या. त्यांच्याकडे काम केलं ती दोन वर्षं मी रोज मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. तरी दुसऱ्या कुणाचं लिहायला बसले की हात अडतो. म्हणून हे लिहिते आहे. जमेल की नाही, सांगता येत नाही.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे हुक लावायला, काज करायला जात असे. बाबा गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी दारावर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत जायचं, नाहीतर घरी परत यायचं. त्यामुळे आमच्या खोलीत 'पर्मनंट' हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जाई. मी मॅट्रिक व्हावं आणि कुठेतरी पर्मनंट चिकटावं, एवढीच आईची इच्छा होती. कॉलेजचं खूळ माझं. बाबा त्याला नाही म्हणाले नाहीत. फी कुठून आणायची, एवढंच त्यांनी विचारलं.

टेपबाईंच्या तोंडी सगळ्यात वाईट शिवी होती 'नोकरमाणूस'. हाताखालचं काम संपवून मी गप्प बसले, तर पुढचं काय करायचं ते त्या कधी सांगत नसत. मशीन चालवत राहत. संध्याकाळी दुकान आवरताना म्हणत, "आज दुपारभर पाहुणी होतीस." त्या दुपारची मजुरी मिळत नसे. एकदा मी चिडून विचारलं, तुम्ही सांगितलंच नाही तर मला कळणार कसं? त्या म्हणाल्या, "काम कुणाचं आहे ते आधी ठरव. माझं असेल तर उद्या येऊ नकोस. माझं मी करीन." मला ते बोलणं दुष्टपणाचं वाटलं. खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटतं. पंधरा वर्षांच्या मुलीला काय कळणार, काम कुणाचं असतं ते?

त्या अशा का झाल्या, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही माझ्यावर ओरडता ओरडता. फोर्टातल्या एका मोठ्या शिलाईच्या पेढीत त्या कित्येक वर्षं नुसती काजं करत होत्या. मालक वारला, मुलानं पेढी विकली, आणि बायकांना ते कळलं संध्याकाळी दिवे मालवताना. "दुसऱ्याच्या दिव्याखाली बसलं, की तो कधी मालवायचा ते तोच ठरवतो," त्या म्हणाल्या, आणि लगेच, माझं एक काज वाकडं गेलं म्हणून ते उसवायला लावलं.

मी मॅट्रिकची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात रुळांच्या पलीकडे मुलींची नवी शाळा निघत होती. तिथल्या गणवेशाचं काम टेपबाईंना मिळणार, असं बाजारात सगळे धरून चालले होते. बाईंनी मला सांगून ठेवलं होतं, की दर फ्रॉकामागे तुझा वाटा. मी हिशेब केला. पहिल्या वर्षाची फी त्यातून निघत होती. आईला मी तसं सांगितलंही. त्या संध्याकाळी ती देवापुढे जरा जास्त वेळ बसली.

एक दिवस शाळेचे चिटणीस दुकानात आले. कोट घातलेले, गोड बोलणारे गृहस्थ. आधी त्यांनी बाईंना शिवणशिक्षिकेची जागा देऊ केली. पगार, सुट्ट्या, सगळं रीतसर. बाई म्हणाल्या, "नको." मग त्यांनी गणवेशाचं काढलं. फ्रॉक तीन मापांत हवे होते, लहान, मधलं आणि मोठं. म्हणजे काम लवकर उरकेल आणि स्वस्तात पडेल.

"तुमच्या शाळेत मुली तीनच मापांच्या आहेत का?" बाईंनी विचारलं.

चिटणीस हसले. "वाढत्या अंगाच्या मुली, बाई. जरा ढगळ असलेलं चालतं."

"तुमचा कोट ढगळ का नाही मग?"

मी हुक लावत होते. मनात म्हणत होते, बाई, आता तरी गप्प बसा. पण त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, एकेक मुलगी इथे पाठवा, मी माप घेते, नाहीतर दुसरा शिंपी बघा. चिटणिसांनी दुसरा बघितला. शहरातल्या एका दुकानातून तयार फ्रॉकांचे गठ्ठे आले.

आईला कळलं तेव्हा ती पोळपाट बाजूला सारून बसली. माझा चेहरा बघून म्हणाली, "तिच्या तोंडाक लागा नको गो. आपला काय चलता तिच्यापुढे?" मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात पाऊल टाकताच बोलून गेले. आयुष्यात तोवर मी मोठ्या माणसाला उलट बोलले नव्हते.

"बाई, तुमचं काय गेलं? तुमचा हट्ट राहिला. कॉलेज माझं गेलं."

त्यांनी मशीन थांबवलं. "कॉलेज तुझं ना? मग ते माझ्या फ्रॉकांवर टांगून का ठेवलंस?"

मी रडले नाही, एवढंच मला समाधान आहे. बाई आत गेल्या आणि फळीवरचं हातमशीन उचलून घेऊन आल्या. काळ्या रंगाचे टवके उडालेलं, क्वचितच वापरलं जाणारं जुनं यंत्र. ते त्यांनी माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं.

"हे घेऊन जा. चालवशील तोवर तुझ्याकडे. उद्यापासून इथे यायचं नाही. आणि माझं एक गिऱ्हाईक फोडलंस, तर घरी येऊन मशीन उचलून आणीन."

संध्याकाळी बाबांनी आणि मी ते मशीन बाजारातून उचलून नेलं, तेव्हा ओळखीचे लोक विचारत होते, काय झालं? बाबा म्हणत, पोरीला काढली. त्यांना दुसरा शब्द माहीत नव्हता. त्या अर्ध्या मैलात मी टेपबाईंचा जितका द्वेष केला, तितका पुढे कुणाचा केला नाही.

पुढचे काही दिवस ते मशीन कोपऱ्यात झाकून पडलं होतं. माझ्याकडे कोण येणार? बाजारातल्या बायका टेपबाईंच्या, नाहीतर इतर शिंप्यांच्या. मग शाळा सुरू झाली आणि ते तीन मापांचे फ्रॉक मुलींच्या अंगावर चढले. कुणाचे खांदे कोपरापर्यंत आलेले, कुणाला श्वास घेता येईना. आया फ्रॉक घेऊन टेपबाईंकडे धावल्या. बाईंनी त्यांना ओट्यावरूनच परतवून लावलं.

पहिली बाई माझ्याकडे आली तीच मुळी तणतणत. मुलीला हाताला धरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "त्या टेपबाईंनी हाकललं गं. म्हणाल्या, दुसऱ्यानं केलेली घाण मी उसवत नाही, वरच्या चाळीत एक नोकरमाणूस बसलीय, तिच्याकडे जा. ती तूच का?"

मीच, असं म्हणताना माझे कान तापले होते. शेजारची मंडळी ऐकत होती. बाईंनी माझ्याकडे मुद्दाम गिऱ्हाईक पाठवलं, की जाता जाता मला शिवी हासडली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आई म्हणते, पाठवलं. मला वाटतं, दोन्ही. त्यांना नुसतं चांगलं करताच येत नसावं.

त्या बाईनं फ्रॉकाबरोबर मुलीचा जुना परकर-झंपर आणला होता, मापासाठी. मी तो तिला परत दिला आणि मुलीला हात वर करायला सांगितलं. का, ते मला तेव्हाही कळलं नाही. त्या पावसाळ्यात मी इतके फ्रॉक आत घेतले आणि बाहेर सोडले, की झोपेतही उसवल्याचा आवाज यायचा. फी भरली. माटुंग्याला कॉलेजात नाव घातलं. पुढे वर्गातल्या मुलीही पोलकी माझ्याकडे देऊ लागल्या.

टेपबाई रस्त्यात भेटत. मी नमस्कार केला, तर त्यांची नजर आधी माझ्या पोलक्याच्या शिलाईवर जाई आणि मग त्या पुढे निघून जात. कशी आहेस, असं त्यांनी कधी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी श्रावणात त्या आमचा जिना चढून आल्या. मी टिपणं काढत बसले होते. दारात त्यांना बघून उठले. मी पाहिलेल्या टेपबाई भरल्या अंगाच्या होत्या. या दारात उभ्या होत्या त्यांचे खांदे लुगड्यातून टोचत होते. काही महिने त्या रस्त्यात दिसल्या नव्हत्या. पोटात काहीतरी झालं आहे, असं बाजारात ऐकलं होतं, पण त्यावर माझा विश्वास बसला नव्हता. त्यांनी पिशवीतून पांढरं खणाएवढं कापड काढलं. "पोलकं शिवायचंय. माझे हात हल्ली थरथरतात."

त्यांना उभं करून त्या अंगाला टेप लावायची, हे मला बघवेना. मी म्हटलं, "बाई, एखादं जुनं पोलकं द्या ना. त्यावरून बेतते."

त्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली आणि हात वर केले.

मी माप घेतलं. आकडे तोंडातल्या तोंडात म्हटले.

"मोठ्यानं," त्या म्हणाल्या.

गॅलरीत शेजारणी जमल्या होत्या. आई चुलीपाशी उभी होती. मी छातीचं माप मोठ्यानं म्हटलं, मग कमरेचं, मग दंडाचं. दंडाच्या मापाला आईनं तोंड फिरवलं. टेपबाई समोरच्या भिंतीकडे ताठ बघत होत्या. एकाही आकड्याला त्यांनी मान खाली घातली नाही.

आठवड्यानं त्या पोलकं न्यायला आल्या. आमच्या छोट्या आरशापुढे घालून बघितलं, हात पुढे-मागे केले आणि म्हणाल्या, "मुंढ्यात घट्ट आहे, काखेपाशी. उसव."

घट्ट नव्हतं. मी पुन्हा बघितलं, बोट घालून बघितलं. मग म्हटलं, "नाही उसवणार, बाई. काम माझं आहे, आणि ते बरोबर आहे."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मशीन उचलून नेणार. पण त्यांनी पोलकं उतरवलं, घडी न करता पिशवीत कोंबलं, आणि शिलाईचे पैसे मशीनवर ठेवले.

"फाटलं, तर तुझ्या नावानं फाटेल," त्या म्हणाल्या आणि कठडा धरून जिना उतरल्या.

ते पोलकं फाटलं नाही. फाटायला जितके दिवस लागतात, तितके त्यांना मिळालेच नाहीत.