पडायचं काम

कुस्ती सुरू व्हायच्या आधी तो रिंगणाच्या चारही कोपऱ्यांत गुडघ्यावर बसायचा आणि तळहाताने थापट्या मारायचा. लोकांना वाटायचं, पहेलवान मातीला नमस्कार करतोय. काही म्हाताऱ्या तर त्याच्याकडे पाहून हात जोडायच्या. तिथे माती नव्हतीच. लोखंडी अँगल, त्यावर प्लायवूड, त्यावर मंडपवाल्याच्या जुन्या गाद्या आणि वरून निळी ताडपत्री. कुठली फळी ढिली झाली आहे, ते तो चाचपत असायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "पडाचं मलेच हाय नं, भाऊ. जागा पाहून घेतलेली बरी."

मी तेव्हा यवतमाळात लाउडस्पीकरच्या गाडीवर बोलायचो. साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, निवडणूक, जे येईल ते. एका मंडपवाल्याने टीव्हीवरच्या परदेशी कुस्त्या पाहून 'फाइट शो'ची कंपनी काढली आणि मला माइकवर घेतलं. दिवाळी झाली की टेम्पोत रिंगण भरून आम्ही जत्रा आणि बाजार करत फिरायचो. कुस्तीचा निकाल अर्थातच आधी ठरलेला. कोणी विचारत नसे आणि आम्ही सांगत नसू. आणि पडायचं काम नेहमी याचं.

त्याचं नाव सांगत नाही. कंपनीतही ते कोणाच्या लक्षात नव्हतं, कारण दर गावाला मीच त्याला नवीन द्यायचो. तोंडावर काळा मास्क चढवला की तो कधी रशियाचा, कधी तुर्कस्तानचा. बाभुळगावात मी त्याला ऑस्ट्रेलियाचा केला, तर म्हणाला, "लय दूर हाय का हो थे? मंग मी थकल्यावानी येतो." आणि खरोखर प्रवासाने शिणलेल्या माणसासारखा कंबर धरत आला. लोकांनी माझ्या थापांवर विश्वास ठेवला तो त्याच्यामुळे.

जिंकायचा तो मालकाचा साळा. रिंगणातलं नाव 'वाघ'. फ्लेक्सवर अर्ध्या भागात वाघाचे दंड, उरलेल्या भागात मालकाचे जोडलेले हात, आणि अगदी खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत, आमचा मास्कवाला. मास्क घालूनही फोटो पासपोर्टएवढाच. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी वाघ बसायचा आणि मागे रिंगणाच्या फळ्यांवर आम्ही बाकीचे. वर्षातून दोनदा वाघ रुसायचा, नागपूरच्या दुसऱ्या कंपनीत जातो म्हणायचा. मग मालकीणबाई माहेरच्या बाजूने उभ्या राहायच्या आणि मालक चार दिवस बाहेर जेवायचे. कंपनीचं सगळं धोरण या चार दिवसांत ठरायचं.

आज कोण जिंकणार, हे मालक तोंडाने कधी सांगत नसत. सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा ते आपल्या हाताने ज्याला देतील, तो जिंकणार. इतकी साधी पद्धत. इतक्या सीझनमध्ये मालकांचा हात याच्याकडे वळलेला मी पाहिला नाही. तो खर्रा खात नाही, असं कारण मालक द्यायचे.

याला कुस्ती येत नव्हती असं समजू नका. तरुणपणी पंचक्रोशीतल्या खऱ्या दंगली मारलेला गडी होता. एकदा सरावात वाघ फार फुशारक्या मारायला लागला, तर याने हसत हसत त्याला धोबीपछाड घातली. वाघ ताडपत्रीवर उताणा, आभाळाकडे पाहतोय, आणि हा त्याच्या पाठीखाली हात घालून विचारतोय, "लागलं तं नाही नं?" पंधरा दिवस याला घरी बसवलं. परत आला तेव्हा आधी वाघाची माफी मागितली. मग माझी. माझी कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

पडण्यात मात्र त्याला तोड नव्हती. वाघाचा ठोसा हवेतून जायचा, पण हा असा कोसळायचा की पहिल्या रांगेतली माणसं खुर्च्या मागे सरकवायची. पांढरकवड्याला हायवेवरचे ट्रकवाले खेळ पाहायला आले होते. एका सरदारजी ड्रायव्हरला ते बघवेना. चपला काढून तो सरळ रिंगणात चढला आणि वाघाची मानगूट धरली, "छोड़ उसको, मर जाएगा!" आमचा खाली पडलेला रशियन एक डोळा उघडून हळूच म्हणाला, "सरदारजी, उतर जाव ना. मेरा धंदा है."

असा माणूस नेहमी हरायचा आणि त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. घाटंजी सोडून. घाटंजी त्याचं गाव. तिथे आमचा खेळ लागला की तो मास्कची नाडी दोनदा बांधायचा. बायको खेळाला कधीच येत नसे.

"गावातल्या बाया तिले टोमणे मारतात," त्याने मला सांगितलं. "तुहा बुढा रोज हरते, तं जाते कायले म्हने. मुद्दाम पडतो म्हनून सांगतलं तं कोनी मानत नाही. एक डाव घाटंजीत जिंकाचा हाय, भाऊ. बिना मास्कचा. तिले पुढच्या खुर्चीवर बसवाचं. मंग जलमभर पडीन."

मालकांना तो दरवर्षी विचारायचा. मालक दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या सीझनले तुहाच नंबर." मी बोलतो मालकांशी, असं मीही दरवर्षी म्हणायचो. माइकवर मी कोणालाही आव्हान द्यायचो, पण मालकांसमोर माझा आवाज कधी फुटला नाही. ते पुढच्या टेबलावर चहा पीत असले की मी लाउडस्पीकरची वायर तपासायचो.

शेवटी काम झालं ते आमच्या कोणामुळेच नाही. घाटंजीच्या बाजार समितीतल्या मंडळींनी मैदान देताना अट घातली, "आमच्या गावचा मानूस जिंकला पाह्यजे, नाही तं ताडपत्री गुंडाळा." मालकांना मैदान हवं होतं. मग वाघाची समजूत काढायला तीन दिवस लागले. निरोप मीच नेत होतो. वाघ सहजासहजी पडणार नाही. बेसावध असतानाच पडेल. आधी त्याचा ठोसा बसला पाहिजे, समोरच्याने भेलकांडलं पाहिजे, मग वाघ लोकांकडे पाहून मिशीला पीळ देईल आणि तेव्हा मागून धोबीपछाड. तह होऊन युद्ध थांबल्यासारखं मालकांनी हुश्श केलं.

बाजाराच्या दिवशी, चार वाजता, मालकांनी त्याला आपल्या हाताने खर्रा दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि न खाता कमरेला खोचला. बायको पुढच्या खुर्चीवर येऊन बसली होती, ठेवणीतलं लुगडं, मांडीवर पिशवी. तो बिना मास्कचा रिंगणात चढला आणि मी माइकवर आयुष्यात पहिल्यांदा त्याचं खरं नाव घेतलं. घाटंजीने अशी शिट्टी मारली की बाजारातली गुरं बुजली.

कुस्ती रंगली. ठरल्याप्रमाणे वाघाने ठोसा मारला, तोही रुसव्याने, पार वीतभर लांबून. याने भेलकांडायचं होतं.

तो कोसळला.

काय झालं ते कळायला मला वेळ लागला. इतकं सुंदर तो त्याआधी कधी पडला नसेल. पाठ टेकली, हात पसरले. वाघाने सवयीने छातीवर पाय ठेवला. पंच सवयीने खाली झोपला आणि हात आपटला, एक, दोन, तीन. मी माइक धरून होतो. फळी सरकली म्हणू शकलो असतो, कुस्ती पुन्हा होईल म्हणू शकलो असतो, रशियाची थाप मारणाऱ्याला एवढं काय अवघड होतं? पण माझ्याही तोंडून सवयीने निघालं, "आणि विजेताऽऽ वाघ!" त्या ओरडण्याची मला आजही लाज वाटते.

तो डोळे उघडून आडवाच होता. चेहऱ्यावर दुःख वगैरे नव्हतं, नुसतं आश्चर्य.

पडद्यामागे बायको आली. ती बोलेल या भीतीने आम्ही सगळे इकडेतिकडे बघायला लागलो. ती त्याचे खांदे, बरगड्या, मान चाचपत राहिली.

"कुठं लागलं?"

"कुठंच नाही वं."

"खरं सांगा."

"त्याचा हातच पोचला नाही माह्याजवळ."

ती मटकन गादीवर बसली. "मंग इतके वर्स मी घरी कायले रडून राह्यली होती? मले वाटे, थो वाघ तुमाले रोज मारून राह्यला. मनून तं मी पाहाले येत नोती." आणि ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "लय बेस पडले हो तुमी. माहा जीव भांड्यात पडला."

तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं. तो तिच्याकडे पाहून हसला, पण माझ्याकडे वळला तेव्हा ते हसू पार गेलं होतं.

"भाऊ, मालकाचा दोष नाही आता," तो म्हणाला. "वाघाचा बी नाही. जिंकाचं होतं, मनात होतं, आंगातूनच निघालं नाही. आता मले कोनी पाडलं नाही तरी मी पडतो. हे बेकार झालं."

मी म्हणालो, पुढच्या सीझनला. लगेच जीभ चावली. त्याने माझ्या दंडावर थोपटलं, बायकोची पिशवी उचलली आणि दोघं बाजारातून घराकडे निघाली. अंगावर अजून कुस्तीचा लाल जांगिया होता, वरून बायकोचा टॉवेल गुंडाळलेला. भाजीवाल्या त्याला हरलास म्हणून चिडवत होत्या आणि बायको त्यांना हसून काहीतरी सांगत होती. तो पुन्हा कंपनीत आला नाही.

आम्ही रिंगण भरून निघालो. त्या दिवशी वाघ पुढे बसला नाही. मागे फळ्यांवर माझ्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ आपल्या मुठीकडे बघत होता. घाटंजी मागे पडल्यावर हळूच म्हणाला, "एक इचारू? कोनाले सांगू नका. आज त्याले पडाचं नोतं. तरी बी थो पडला. मंजे आज मी खरोखर जिंकलो नं?"

एवढा मोठा गडी, पण उत्तर ऐकायला तो घाबरला होता. आजवरची एकही कुस्ती आपली नव्हती, हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं.

मी हो म्हणालो. आमचा मास्कवाला तिथे असता, तर त्यानेही हेच सांगितलं असतं.