देवाच्या दिवसांत वाजलेली घंटा

आमच्या सोसायटीची सहल काढण्याचं काम माझ्याकडे कसं आलं ते मलाही आठवत नाही, पण ते काढून का घेतलं जाणार होतं हे मीरा रोडच्या आमच्या सगळ्या हाटकेश भागाला ठाऊक आहे. आदल्या वर्षी मी बसभर माणसं धबधबा दाखवायला नेली होती. फेब्रुवारीत. तिथे काळा कातळ होता आणि कातळावर एक शेळी. परतताना आमचे गुजराती चेअरमनकाका एवढंच म्हणाले, "भाई, बकरी अच्छी थी."

म्हणून पुढच्या खेपेला आधी एकट्यानं जाऊन बघून यायचं ठरवलं. जागा हेरली होती. खाडीतलं एक लहानसं बेट, पूल नाही, रस्ता नाही, पन्नासेक घरं आणि एक देऊळ. घरी बसूनच वहीत मथळा लिहून टाकला, 'बेटावर पाहण्यासारखं आणि करण्यासारखं'. खाली जागा सोडली होती ती बेटानं भरायची होती.

पौषातली दुपार होती. भाईंदरच्या बाजूचा होडीवाला नाहीच म्हणाला.

"आज तिथं कोन न्हाय. देवाचे दिस हायत. उद्या ये."

आता मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमच्याकडे देवाचे दिवस म्हणजे पालखी, ढोल आणि मुंबईहून आलेले चुलते. म्हटलं, घरात कोणी नाही म्हणजे सगळे देवळात जमले असणार. उलट बरंच, प्रसाद मिळेल. शिवाय हा भाव खातोय अशी माझी खात्री. मी सांगितलं, साठ माणसं आणणार आहे, सगळी तुझ्याच होडीतून. त्यानं एकदा पाण्याकडे पाहिलं आणि होडीची दोरी सोडली.

"मी उतरनार न्हाय," तो म्हणाला. "धक्क्याला थांबतो. बिगीनं ये. आन कशाला हात लावू नको."

मला वाटलं, बेटावरच्या झाडांच्या चिंचांबद्दल बोलतोय.

बेटावर पाऊल टाकलं तेव्हा पहिल्यांदा खटकलं ते कुत्र्यांचं. नवा माणूस आला आणि एकही कुत्रं भुंकलं नाही, कारण कुत्रंच नव्हतं. खुराड्यांची दारं उघडी, आत पिसंसुद्धा नाहीत. दोऱ्यांवर कपडे नाहीत. प्रत्येक दारात एक केरसुणी आडवी ठेवलेली आणि ओट्यावर हंडे पालथे, ओळीनं. मी वहीत लिहिलं, 'गावाची स्वच्छता पाहण्यासारखी'.

एका घरातून भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. रस्त्यावर उभं राहून दुसऱ्याच्या घरातलं घड्याळ ऐकू यावं इतकी शांतता मीरा रोडच्या माणसाला सोसत नाही. मी खोकलो. मग "कोणी आहे का" असं विचारलं, आणि विचारल्यावर लक्षात आलं की उत्तर आलेलं मला अजिबात नको होतं. पावलं जरा लांब पडू लागली. विहिरीत डोकावलो तर पाणी इतकं स्थिर की माझाच चेहरा मला ओळखीचा वाटेना. 'सेल्फीसाठी उत्तम' असं लिहायला घेतलं आणि पेन परत खिशात ठेवलं.

देऊळ गावाच्या टोकाला होतं. तिथेही कोणी नव्हतं. समई विझलेली, देवापुढे काही नाही. घंटा होती, पण तिच्या आतल्या लोलकाला लाल फडकं गच्च गुंडाळून, वर तीन गाठी मारलेल्या. मी काय समजावं? खाऱ्या हवेनं गंजू नये म्हणून बांधली असेल. देवळात जाऊन घंटा न वाजवता परत यायचं हे माझ्या हातून होणं नाही. मोठ्या निगुतीनं तिन्ही गाठी सोडवल्या आणि एकदा वाजवली.

ती जरा जास्तच वेळ वाजत राहिली. आवाज विरला तेव्हा घड्याळवाल्या घराकडून टिकटिक येत नव्हती. ते अंतरामुळे असेल. मी फडकं परत गुंडाळलं, तीन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या आणि धक्क्यापर्यंत जे चाललो त्याला पळणं म्हणतात.

होडीवाल्यानं इंजिन सुरू केलं. मधल्या पाण्यात त्यानं एकदाच मान वळवून मागे पाहिलं. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

उतरायच्या जागेजवळ, बंद पडलेल्या मिठागराच्या बांधावर, ताडपत्र्या दिसल्या. जाताना आम्ही दुसऱ्या बाजूनं निघालो होतो, म्हणून दिसल्या नव्हत्या. अख्खं गाव तिथे होतं. कुत्री बांधलेली, कोंबड्या टोपल्यांखाली झाकलेल्या, आणि सगळी माणसं बेटाकडे तोंड करून गप्प उभी. मध्ये सुपात तांदूळ घेऊन देवाचा कौल बघायला बसलेला म्हातारा, शेजारी त्याची बायको. बांधाच्या पार टोकाला, पाण्याकडे बघत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्यांची सून. दिवस अगदी भरलेले, दोन्ही हात खुर्चीला घट्ट धरलेले.

होडीवाल्यानं तेव्हा मला हलक्या आवाजात सांगितलं. तीन वर्षांतून एकदा तीन दिवस बेट देवाला द्यायचं. माणूस, जनावर, कोणी मागे राहायचं नाही. आपल्या घराचा उंबरा परत ओलांडेपर्यंत दुसऱ्या छपराखाली जायचं नाही, दवाखाना झाला तरी. आज तिसरा दिवस. दिवस बुडाला की परत. फक्त बेटावरून आवाज यायला नको.

"घंटा वाजली म्हंजे देव अजून तिथंच हाय," म्हातारा म्हणत होता. "अजून तीन दिस."

"आन हिला बांधावर बाळंत करायची? सकाळपासून कळा येतात तिला," म्हातारी उसळली.

"मी सांगतोय काय? देव सांगतोय."

"देवाला सून न्हाय म्हनून," म्हातारी म्हणाली.

मी पुढे झालो. धबधब्याच्या वेळी कातळापुढे उभा होतो तसाच.

"घंटा मी वाजवली," मी म्हणालो. "फडकं मी सोडलं. मला ठाऊक नव्हतं."

म्हाताऱ्यानं मला बुटांपासून वर न्याहाळलं. "कितीदा?"

'एकदा' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "दोनदा वाजली. मघाशी एक, आन मग जरा येळानं."

मला त्या तीन गाठी आठवल्या. ओढून पाहिलेल्या.

"दोनदा," मी म्हणालो. "पहिल्यांदा नीट वाजली नाही."

"खरं काय रं?" म्हाताऱ्यानं होडीवाल्याला विचारलं.

"मी खाली उतरलो न्हाय. मला काय म्हाईत?" तो दोरी गुंडाळत म्हणाला आणि गुंडाळलेली दोरी परत सोडून पुन्हा गुंडाळू लागला.

मग म्हाताऱ्यानं मला जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही. माझ्या शिक्षणाचा, चष्म्याचा आणि मीरा रोडच्या एकूण लोकसंख्येचा त्यात समाचार होता. इतक्या आनंदानं मी कधी शिव्या खाल्ल्या नाहीत, कारण शेवटी तो म्हणाला, "मानसानं वाजवली, तर देवाचं काय न्हाय. दिवस बुडाला की निघायचं."

सूर्य खाली गेला तशी पहिली होडी त्यांनी सुनेसाठी लावली. घरी जायचं, उंबरा ओलांडायचा आणि त्याच होडीनं थेट दवाखान्यात. तिला धरून आणताना माझ्यापाशी ती जराशी थांबली.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली, "मी पान्याकडंच बघत व्हते. दुसऱ्या येळेला तुम्ही होडीत व्हते."

मी मान डोलावली.

"कोनाला सांगू नका," ती म्हणाली आणि होडीत बसली. बेटाकडे जाताना तिनं पदर डोक्यावरून घेतला होता. बाकी सगळे पुढे बघत होते. ती एकटी खाली, स्वतःच्या हातांकडे.

मुलगा झाला, दवाखान्यात, पहाटे. होडीवाल्यानं फोन करून कळवलं. सोसायटीत मी सांगितलं की बेटावर पाहण्यासारखं काही नाही, आणि सगळ्यांना रिसॉर्टला नेलं. तिथे पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद होता.

तो मुलगा आता शाळेत जातो. हे लिहायच्या आधी होडीवाल्याकडून त्याच्या आईचा नंबर घेतला आणि तिला विचारलं, लिहू का? मागे कुठेतरी तो पाढे म्हणत होता.

"लिवा," ती म्हणाली. "पन जसं तवा बोलला तसंच लिवा."

तर, घंटा दोनदा वाजली. दोन्ही वेळा मीच वाजवली.