मतपत्रिकेवरच्या चौदा सह्या

बासष्टच्या निवडणुकीत मी बेंगळुरूच्या चामराजपेटमधल्या चौदा माणसांना मतपत्रिकेवर सही करायला लावली. ती करायची नसते.

आधीच्या दोन निवडणुकांत हा प्रश्नच आला नव्हता. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याच्या चिन्हाचं चित्र. नोटेएवढी चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकली की झालं. बासष्टला पेटी एकच आली आणि कागदावर सगळ्यांची चित्रं आली. हव्या त्या चित्रावर रबरी शिक्का मारायचा. आता मी पडलो विमा कंपनीतला कारकून. सहीशिवाय कागद म्हणजे रद्दी, ही आमची अक्कल.

त्यातून ते चौदाही जण माझे विद्यार्थी. गल्लीतले शिंपी आणि त्यांच्या बायका रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर अक्षरं गिरवायला येत. अंगठे सोडवून मी त्यांना मराठीत सही शिकवली होती. तिचा तोरा त्यांच्याहून मलाच जास्त.

"शिक्का काय, कुणीही मारील," मी म्हणालो. "तुम्ही मारलात हे कळायला नको?"

"कुणाला कळायला, अण्णा?" कोपऱ्यातल्या घरातली शिंपीण अक्का म्हणाली.

"सरकारला!"

मी ऑफिसातल्या पेन्सिली मोडून त्यांचे तुकडे वाटले.

तराजू चिन्हावर उभा होता चिकपेटेतला कापडाचा शेठ. गल्लीला बेतलेलं कापड त्याच्याच दुकानातून मिळे. शर्ट शिवून द्यायचे आणि तो देईल ती मजुरी घ्यायची. विरुद्ध सायकल चिन्हावर एक निवृत्त मास्तर. गल्लीचा नळ त्यांनी भांडून आणला होता. कापडाचा गठ्ठा हातात देताना शेठचा गुमास्ता प्रत्येकाला बजावी, "तराजू. सरी ना?" सगळे "सरी सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत आणि मनात सायकल धरून घरी येत. आत काय केलंत ते कुणालाही कळत नाही, घाबरू नका, असं त्यांना मीच सांगितलं होतं. आणि त्याच तोंडाने वर सही करा म्हणून सांगितलं. एका डोक्यात या दोन गोष्टी शेजारी शेजारी कशा नांदल्या, ते मला अजून उमगलेलं नाही.

मोजणीला मास्तरांचा प्रतिनिधी म्हणून मी बसलो आणि शेठचा म्हणून तोच गुमास्ता. पहिली सहीची पत्रिका निघाली. बाद करण्याआधी दोन्ही बाजूंना दाखवायची, असा नियम. अधिकारी कानडी, गुमास्ताही कानडी. दोघांनाही ते अक्षर लागेना.

"एनु बरेदिद्दारे?" अधिकाऱ्याने विचारलं. काय लिहिलंय?

मी नाव खणखणीत वाचलं. "खरा मतदार आहे साहेब! आमच्याच गल्लीतला, नळापासून तिसरं घर."

"मतदाराची ओळख पटते. बाद."

"ओळख पटते म्हणूनच तर खरा!"

त्याने पुढची उचलली. तीही आमचीच. माझं डोकं फिरलं. माझ्या विद्यार्थ्यांची इतकी वळणदार अक्षरं, आणि हा माणूस ती कचऱ्यात टाकतो! प्रत्येक पत्रिकेला मी उभा राहून नाव, घर, नवऱ्याचं नाव सांगत गेलो. गुमास्ता मांडीवर कागद धरून लिहीत होता.

"स्वल्प सावकाश, अण्णा," तो म्हणाला. "त्या तिसऱ्याचं आडनाव काय म्हणालात?"

मी आडनाव सांगितलं.

पंधरावी पत्रिका निघाली ती माझी. सहीखाली दोन रेघा ओढलेल्या. तीही बाद.

शेठ हजारोंच्या फरकाने निवडून आला. या चौदा मतांनी त्याचा केसही वाकडा झाला नसता. तरी पुढच्या सोमवारी गुमास्त्याने सात घरांचे गठ्ठे बंद केले. मला राग आहे तो इथे. हरलेल्या माणसाने सूड घेतला तर निदान कळतं तरी. हा जिंकून घेत होता. आणि तो अधिकारी! मत उघड होऊ नये म्हणून पत्रिका बाद करणाऱ्या या माणसाने त्याच मतदारांचं नाव, गाव, घर समोर बसून ऐकून घेतलं. "तोंड आवर" एवढे दोन शब्द त्याला सुचू नयेत? नियम त्याने अक्षर न् अक्षर पाळला. नियम कशासाठी केला, हे मात्र त्याने कुणाला विचारलं नसावं. मीही नव्हतंच विचारलं.

मी चिकपेटेत जाऊन शेठच्या पेढीवर आरडाओरडा केला. त्याने माझ्यासाठी कॉफी मागवली.

"मी काय केलं?" तो म्हणाला. "मला तर त्यांची नावंही ठाऊक नव्हती."

कॉफी मी प्यालो. तीही चूकच.

परत आलो तो तडक अक्काकडे. तिचा नवरा काम शोधत जयनगरापर्यंत दुकानं पालथी घालत होता. झाकण घातलेल्या मशीनपाशी बसून ती तांदूळ निवडत होती. मी दारातूनच सांगितलं, मी वर्तमानपत्रात लिहितो, वरपर्यंत जातो, सातही घरांची हकिकत नावानिशी सगळ्या बेंगळुरूला ऐकवतो.

अक्काने सूप खाली ठेवलं.

"अण्णा," ती म्हणाली, "तोंड बंद ठेवायचं काय घ्याल?"